मिस्तीवरचं पुरलेलं पाणी

रुफीना चुक्ताया मिस्तीवर किती वेळा चढली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण मिस्तीच्या माथ्यावरच्या लोखंडी क्रूसाला तिचा हात एकदाही लागला नव्हता. अरेकिपा शहरात हे सांगितलं तर लोक हसायचे. खिडकी उघडली की समोर दिसणारा हा ज्वालामुखी. शाळेतले मास्तर त्यावर जाऊन येतात, परदेशातली पिकल्या केसांची जोडपी जाऊन येतात, क्रूसाला टेकून फोटो काढतात आणि तो फोटो वर्षभर सगळ्यांना दाखवत बसतात. आणि ही बाई, जिचं पोट त्या डोंगरावर चालतं, ती दर वेळी शेवटच्या चढावरून मागे!

कारण अगदी साधं होतं, म्हणूनच त्याचा जास्त संताप यायचा. रुफीना दुय्यम वाटाडी होती. मुख्य वाटाड्या टोळीच्या पुढे चालतो, दुय्यम सगळ्यांच्या मागे. मग कुणाला उंची लागते, कुणी ओकायला लागतं, कुणाला नवे बूट चावतात, कुणाला मध्येच घरची आठवण येऊन रडू फुटतं. अशा माणसाला धरून खाली आणायचं काम दुय्यमाचं. आणि असा एक जण प्रत्येक टोळीत निघायचाच. विवराचा गंधकाचा वास नाकात शिरायला लागला, की मागून कोणीतरी धपकन खाली बसायचं, आणि पुढून मुख्य वाटाड्याची हाक यायची, "रुफीना, ने गं यांना!"

म्हाताऱ्या तोरिबिओने, म्हणजे तिच्या बापाने, याचा वेगळाच अर्थ लावून ठेवला होता. तोरिबिओने उमेदीची सगळी वर्षं पायथ्यापर्यंत खेचरं हाकली होती, आणि डोंगराच्या मनात काय चाललंय ते आपल्यालाच कळतं अशी त्याची ठाम समजूत होती.

"त्याला तू नको आहेस," तो म्हणायचा. "बाईमाणूस वर आलेलं त्याला खपत नाही. दर वेळी कसा परत पाठवतो बघ."

"डोंगराला मी नको असं काही नाही, पापा," रुफीना म्हणायची. "चिलेच्या त्या जाड्याला आदल्या सकाळी दोन ताटं आदोबो नको होतं. डुकराचं मटण, वर पाव, वर दारू घातलेला चहा. तो नाही ओकणार तर कोण ओकणार?"

"त्याला खायची बुद्धी कोणी दिली?" तोरिबिओ विचारायचा. रुफीना भांडी आपटायची. शेजारीण कुंपणावरून डोकवायची आणि म्हणायची, "चढली वाटतं हिची नेवादा."

अरेकिपाच्या लोकांचं हे एक बरं आहे. मिस्तीवर बर्फ पडलं की शहरातल्या निम्म्या माणसांची डोकी फिरतात, आणि कुणी कुणावर वसकन ओरडलं तरी दोष डोंगराला जातो. नेवादा चढलीय म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पण त्या वर्षी माथ्यावर बर्फाचा टिपूस नव्हता. डोंगर राखेच्या ढिगासारखा कोरडा पडला होता, त्यामुळे रुफीनाच्या रागाला तेवढंही निमित्त उरलं नव्हतं.

अशात त्या लीमाच्या दोन बहिणी आल्या. मिर्ता आणि इवोन, दोघी पन्नाशीच्या, दातांच्या डॉक्टर. दरवर्षी सुट्टीत कुठला ना कुठला ज्वालामुखी चढायचा असं त्यांनी ठरवलेलं. इक्वादोरचे झाले, मेक्सिकोचे झाले, आता मिस्ती. आठवडाभर वरच्या गावांत राहून हवा अंगवळणी पाडून आल्या होत्या. सेनोबियो हा सगळ्यात जुना वाटाड्या त्या दिवशी मोकळा नव्हता. सहली काढणाऱ्या मालकाने डोकं खाजवलं आणि रुफीनाला बोलावलं.

"या दोघींना तू घेऊन जा. मुख्य म्हणून," तो म्हणाला. "पण एक ध्यानात ठेव. ज्याने क्रूस पाहिला नाही, त्याच्या हाती टोळी द्यायची नाही, असं म्हातारे म्हणतात. मी एकदा त्यांचं ऐकत नाहीये. एकदाच. क्रूसापर्यंत नेऊन आणलंस तर यापुढे तू मुख्य. नाहीतर मग आहेच आपलं नेहमीचं."

दुय्यम म्हणून तिने आपल्या मावसभावाला घेतलं. पर्सी एरवी टॅक्सी चालवायचा. तिशी उलटून गेली होती, अंगात ताकद होती, पण देवभोळेपणा असा की गाडीच्या आरशाला इतके ताईत आणि माळा बांधलेल्या की मागची गाडी दिसायची पंचाईत. तरी ओझं उचलायला बरा होता, आणि मिस्तीवर ओझं म्हणजे पाणी. त्या डोंगरावर झरा नाही, ओढा नाही. बर्फ असेल तर वितळवून प्यायचं, नसेल तर घोट अन् घोट खालून पाठीवर न्यायचा. रुफीनाने सरबताच्या रिकाम्या मोठ्या बाटल्या धुऊन त्यांत पाणी भरून ठेवलं.

निघायच्या सकाळी तोरिबिओ तशीच एक बाटली घेऊन दारात उभा. आत पाण्यासारखी स्वच्छ, उसाची कडक दारू. गळ्याला लाल लोकरीचा धागा.

"ही त्याला द्यायची," तो म्हणाला. "गरुडाच्या घरट्याशी, ऊन उतरताना. अख्खी द्यायची, चिकूपणा नको. आणि वास घ्यायचा नाही, चाखायची तर नाहीच. त्याच्याआधी माणसाची जीभ लागली, की तो ती घेत नाही."

"पापा, आधीच पाठ मोडायची वेळ आलीय."

"मग मोडू दे. परवानगी न मागता इतक्या वेळा गेलीस, काय मिळालं?"

रुफीनाच्या तोंडावर आलं होतं की परवानगी मागायला मी काय पाटलाच्या वाड्यावर चाललेय? पण गाडी दारात वाजत होती. तिने बाटली घेतली, पिशवीत कोंबली आणि निघाली.

बहिणी अशा चालल्या की रुफीनाला आपल्या नशिबावर विश्वास बसेना. हळू, एका लयीत, कुरकुर नाही, बडबड नाही. उन्हाने वाळू तापलेली, दर पावलाला अर्धं पाऊल मागे घसरायचं, तरी दोघींची धाप एकसारखी. दर वळणावर रुफीना मागे वळून बघायची. आता कोण बसणार? कोणाला मळमळणार? कोणालाच नाही. दुपार कलताना चौघं गरुडाच्या घरट्याशी पोचली तेव्हा मिर्ताने बूट काढले, पाय दाबले आणि विचारलं, "एवढंच होतं का आजचं?" रुफीनाला तिचे पाय धरावेसे वाटले.

गरुडाचं घरटं म्हणजे कड्याखालची तंबूंपुरती सपाटी. तिथे दगडांच्या आडोशाला जागोजाग छोट्या राशी रचलेल्या दिसतात. एकीवर निळा ठिपका, एकीवर पांढरा, एकीत खोचलेला गंजका घोड्याचा नाल. ते वाटाड्यांचं पुरलेलं पाणी. ज्याची नेहमीची फेरी असते तो खाली येताना उरलेल्या बाटल्या पुरून ठेवतो, पुढच्या खेपेला तेवढंच ओझं कमी. निळा ठिपका सेनोबियोचा. कामावरच्या पहिल्याच दिवशी सेनोबियोने ती रास रुफीनाला बोट करून दाखवली होती आणि म्हटलं होतं, "दुसऱ्याच्या पाण्याला ज्याने हात लावला, तो या डोंगरावरून कायमचा उतरला म्हणून समज." रुफीनाने ते मनात कोरून ठेवलं होतं. दुय्यमांचं स्वतःचं पुरलेलं पाणी नसतं.

ऊन उतरायला लागलं. रुफीना तंबूच्या दोऱ्या ताणत होती, वारा त्या हातातून हिसकून घेत होता. पर्सी बाजूला येऊन घुटमळला.

"काकांची बाटली द्यायची राहिली की."

"तूच दे," रुफीना म्हणाली. "मला असल्या गोष्टींना वेळ नाहीये."

"तू द्यायला हवी खरं तर. तुझ्या नावाची आहे."

"पर्सी, एक तर दोरी धर, नाहीतर जाऊन ओतून ये. दोन्हीतलं एक कर!"

पर्सी गेला. कड्याच्या टोकाशी उभा राहून त्याने टोपी काढली, कोकाची तीन पानं फुंकून वाऱ्यावर सोडली, तोंड दुसरीकडे वळवून, हात लांब करून, बाटली उपडी केली. परत आला तो खुशीत.

"शेवटच्या थेंबापर्यंत दिली. आणि काय प्रेमाने प्यायला सांगू! वाळूवर ओल राहिली नाही."

रुफीनाने ऐकलं न ऐकलं केलं.

पहाटे, माथ्याकडे निघायच्या वेळी, बहिणी कपाळाला दिवे बांधून तयार उभ्या होत्या. दोघींना झोप लागली होती, दोघींना भूक होती, डोकं कुणाचं दुखत नव्हतं. रुफीनाने शेगडी पेटवली, पातेलं ठेवलं, वर जायला चहा भरून घ्यायचा म्हणून शेवटची बाटली उघडून ओतली. पातेल्यातून भक्कन निळी ज्योत उठली. रुफीनाच्या भुवया थोडक्यात वाचल्या. तिने मूठभर वाळू टाकून जाळ विझवला आणि बाटली नाकाशी नेली.

आत पाणी नव्हतं, उसाची दारू होती.

"पर्सी," रुफीना म्हणाली, "काल तू डोंगराला काय पाजलंस?"

"काकांची बाटली."

"लाल धागा होता तिला?"

पर्सीने रुफीनाच्या पाठपिशवीकडे बोट केलं. पट्ट्याला लाल लोकरीचा धागा नीट गाठ मारून बांधलेला होता.

"चढताना बांधला," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, तुला राहू दे. आजी नाही का बांधायची खेचरांना, वाटेत काही होऊ नये म्हणून."

"खेचरांना!"

"मला वाटलं, बाटली लक्षात राहील."

"सगळ्या सारख्या आहेत, पर्सी! वास नाही का आला?"

"वास घ्यायचा नव्हता ना! आणि चाखायचीही नव्हती. काकांनी मलाही बजावलं होतं."

आता याला मारावं की स्वतःला, हे रुफीनाला कळेना. आदल्या संध्याकाळी ती स्वतः गेली असती, तर धागा शोधला असता. धागा दिसला नसता तर बाटली चाखून बघितली असती, कारण तिचा त्या असल्या नेमांवर काडीचा विश्वास नव्हता. पण दोऱ्या ताणायच्या होत्या ना बाईला! वेळ नव्हता ना! रात्रीच्या चहाचा तळाशी उरलेला गाळ सोडला, तर चार माणसांत पाण्याचा घोट नव्हता.

"थोडं तहानलेल्याच चालू," मिर्ता म्हणाली. "आम्ही रात्री भरपूर सूप प्यायलोय."

"नाही चालत, सिन्योरा," रुफीना म्हणाली. "वर हवा इतकी कोरडी आहे की तासाभरात जीभ टाळूला चिकटते. पाण्याशिवाय ज्याला उंची लागते, तो नुसता ओकत नाही."

पर्सी निळ्या ठिपक्याच्या राशीशी जाऊन उभा होता. "हे आहे की," तो म्हणाला.

"ते सेनोबियोकाकांचं आहे."

"मग? नंतर देऊ भरून."

"आज ते टोळी घेऊन वर येणार. त्यांनी खालून कमी पाणी आणलं असेल, या पाण्याच्या भरवशावर. त्यांच्या माणसांनी काय तुझे ताईत चाटायचे?"

पण म्हणताना ती स्वतःही राशीशी येऊन उभी राहिली होती. खाली बसली. वरचा दगड दोन्ही हातांनी धरला. दगड थंडगार होता, आणि त्याखाली पाणी होतं हे तिला जणू दिसत होतं. समोर दोन तगड्या बायका, पाठीमागे वारा पडलेला, आकाश स्वच्छ, आणि कोणीही आजारी नाही. असा दिवस परत मिळणार नव्हता. ती तिथे इतका वेळ बसून राहिली की इवोनने विचारलं, "काय झालं?"

रुफीनाने दगड सोडला. "खाली जायचं," ती म्हणाली.

उतरताना वाळूच्या लांब घसरणीवर माणूस जवळजवळ धावतच येतो. एरवी लोक हसतात, ओरडतात. त्या दिवशी चौघंही पायांखालची वाळू बघत उतरली. बहिणी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. मिर्ता फक्त एकदा थांबली, बुटातली वाळू झटकली आणि म्हणाली, "दोन वर्षं या डोंगराचं बोलत होतो आम्ही." तिने ते चिडून म्हटलं नव्हतं, म्हणून रुफीनाला ते जास्त लागलं. संध्याकाळी त्यांचं लीमाचं विमान होतं. आणि घरी तोरिबिओ दारात खुर्ची टाकून बसला असणार. तो 'परत पाठवलं ना?' एवढंच म्हणणार, आणि यावेळी दारूऐवजी पाणी पाजल्याबद्दल डोंगराची माफीही मागणार.

पायथ्याशी गाडी उभी होती, गाडीत पाणी होतं. बहिणी प्यायल्या. तेवढ्यात दुसरी गाडी धुरळा उडवत आली आणि तिच्यातून सेनोबियो उतरला. साठी गाठलेला, पाय काटक्यांसारखे, आवाज मात्र बाजारभर ऐकू जाईल असा. बरोबर चिलेचे तीन विद्यार्थी, दोन मुली आणि एक उंच मुलगा. दुय्यमाचा पत्ता नव्हता.

"इतक्या लवकर?" सेनोबियो म्हणाला. "क्रूस घाबरून पळाला काय तुला बघून?"

रुफीनाने काय झालं ते सांगितलं. दारूचं सांगितलं तेव्हा सेनोबियो गाडीला धरून हसला. पर्सी चाकाआड गेला. हसणं ओसरल्यावर म्हातारा म्हणाला, "बरं, मग माझं का नाही उकरलंस?"

"काय?"

"पाणी. निळा ठिपका. चार बाटल्या आहेत त्यात."

"तुम्हीच तर म्हणाला होतात, हात लावला तो कायमचा उतरला!"

"अगं, ते नव्या माणसाला सांगायचं असतं. नाहीतर जो तो आपला हात घालील. अडलं तर घ्यायचं, वरचा दगड पालथा ठेवायचा, म्हणजे मालकाला आधीच कळतं. मी निघायच्या सकाळी खालून दुर्बिणीतून बघतो ना ठिपका दिसतोय का? नसता दिसला तर जास्त पाणी आणलं असतं. पुढच्या फेरीत घेणाऱ्याने भरून द्यायचं. झालं. सगळ्यांना माहितीय हे."

"मला नाही माहीत."

"असं कसं? डोंगरावरून उतरलं की पिकांतेरियाच्या खाणावळीत मक्याची चिचा पिताना हेच तर बोलणं असतं आमचं. कुणाचं पाणी कुणी घेतलं, कुठली वाट ढासळली..." बोलता बोलता सेनोबियो अडखळला. त्याच्याही ध्यानात आलं असावं. "पण हां. तू कुठे असतेस तेव्हा? तू तर आजाऱ्याला घेऊन आधीच शहरात गेलेली असतेस."

रुफीना उभी होती तिथेच वाळूत बसली. रडू आलं असतं तर तिने रडून घेतलं असतं, पण आला तो नुसता संताप, आणि तोही कुणावर काढावा ते कळत नव्हतं. डोंगराने तिला अडवलं नव्हतं. बाईमाणसाचा राग नव्हता, बापाची बाटली नव्हती, पर्सीचा धागासुद्धा नव्हता. सगळे जण चिचाच्या पेल्यावर ज्या गोष्टी सहज बोलून मोकळे होत होते, त्या तिच्यापर्यंत पोचतच नव्हत्या, कारण ती त्यांच्याच ओकणाऱ्या गिऱ्हाइकांच्या पाठीवर हात फिरवत गाडीत बसलेली असायची.

"नेवादा चढली वाटतं," सेनोबियो जरा नरमाईने म्हणाला.

"बर्फ कुठंय, काका?" रुफीना म्हणाली. "हा माझा स्वतःचा राग आहे."

सेनोबियोने घसा खाकरला. "माझा दुय्यम आला नाहीये. काल कुणाच्या तरी बारशाला गेला, अजून उतरली नसेल. तू येतेस?"

"दुय्यम म्हणून?"

"मग काय बिशप म्हणून?"

रुफीना उठली. वाळू झटकली. "येते. पण कुणाला उंची लागली तर मी खाली आणणार नाही. तुम्ही आणायचं."

"बरं बरं."

"बरं बरं नाही. शब्द द्या. या मुलांसमोर."

सेनोबियोने मुलांकडे बघितलं. तिन्ही मुलं तरुण होती, गुलाबी होती, हसत होती. "दिला शब्द," तो म्हणाला, आणि तिथल्या तिथे विसरलाही.

रुफीनाने बहिणींना पर्सीच्या हवाली केलं. इवोनने तिचा हात दाबला आणि म्हणाली, "आमच्या वाटचाही बघून ये." दारूची बाटली अजून तिच्या पिशवीतच होती. ओतून टाकायचाही तिला कंटाळा आला होता. ती पुन्हा वर निघाली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला ते शेवटच्या चढावर होते. उन्हाची पहिली तिरीप खडकांवर आली, गंधकाचा वास आला, आणि रुफीनाच्या पुढे चालणारा उंच मुलगा आधी थांबला, मग वाकला, मग धपकन खाली बसला आणि बुटांवर ओकला. रुफीनाने डोळे मिटून घेतले. पुढून, जुन्या सवयीने, हाक आलीच.

"रुफीना, ने गं याला!"

रुफीना एका खडकावर बसली. पिशवी काढून मांडीवर घेतली आणि वर सेनोबियोकडे बघत राहिली.

"ऐकू नाही आलं का?"

"आलं."

"मग?"

"शब्द दिलाय, काका."

सेनोबियो चार पावलं खाली आला. मुली एकदा त्याच्याकडे, एकदा हिच्याकडे बघत होत्या. "अगं, ते तेव्हा म्हटलं होतं. माझं वय बघ. या वाळूतून त्याला धरून खाली, या गुडघ्यांनी?"

"माझ्या गुडघ्यांना कधी विचारलंत?"

"तुला वरची वाट तरी माहितीय का?"

"नाही. तुम्ही कधी सांगितलीच नाही."

मुलगा पुन्हा ओकला. सेनोबियोने त्याच्याकडे बघितलं, माथ्याकडे बघितलं, मग टोपी काढून डोकं खाजवलं. रुफीना हलली नाही. मुलाला खाली जायलाच हवं होतं, आणि ती उठली असती तर दोघांमधलं सगळं पुन्हा जसं होतं तसंच झालं असतं. हे तिला जेवढं ठाऊक होतं, तेवढंच म्हाताऱ्यालाही.

"पिवळ्या खडकाच्या डावीकडून जा," सेनोबियो शेवटी म्हणाला. शब्द एकेक करून काढल्यासारखे येत होते. "उजवी वाट सोपी दिसते, पण ती विवराच्या तोंडाशी संपते, तिकडे पाऊल टाकू नको. पुढे सपाटी लागेल. सगळ्यांना वाटतं पोचलो. तिथे बसू देऊ नको कुणाला, बसलं की उठत नाहीत. क्रूस अगदी त्याच्या खाली पोचेपर्यंत दिसत नाही." त्याने मुलाच्या काखेत हात घातला, त्याला उभं केलं, आणि दोन पावलं उतरून मागे न बघता ओरडला, "आणि घरट्याशी आलीस की माझ्या बाटल्यांतली एक घे. दगड पालथा करायला विसरू नको!"

"आणि चिचा?" रुफीनाने वरून विचारलं.

"ये, बाई, ये! माझ्या डोक्यावर बस!"

पिवळा खडक होता, सपाटी होती, मुलींना तिथे खरोखरच बसायचं होतं. रुफीनाने त्यांना बसू दिलं नाही. आणि मग क्रूस आला. गंजलेला, एका बाजूने रंग उडालेला, पायथ्याशी प्लास्टिकची फुलं आणि कुणाचा तरी विसरलेला हातमोजा. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. रुफीनाने लोखंडाला हात लावला. ते इतकं गार होतं की हात मागे घ्यावा लागला. तिला वाटलं होतं इथे पोचल्यावर राग उतरेल. तो उतरला नाही. एवढ्यासाठी! या लोखंडाच्या तुकड्यासाठी इतकी वर्षं! पण तिने पुन्हा हात लावला, आणि यावेळी तिथेच ठेवला. तिकडे खाली अरेकिपा पसरलं होतं, आणि त्यात कुठेतरी एक म्हातारा दारात खुर्ची टाकून वर बघत बसला होता.

तिने पिशवीतून बाटली काढली. एका मुलीने डोळे पुसत विचारलं, "हे काय, पाणी?"

"डोंगराचं देणं आहे," रुफीना म्हणाली. "माझ्या पापांनी पाठवलंय. परवानगी मागायला."

"पण आपण तर आलोसुद्धा."

"हो ना," रुफीना म्हणाली.

तिने झाकण काढलं, बाटली आधी स्वतःच्या तोंडाला लावली आणि एक मोठा घोट घेतला. घसा जळत गेला. पाणी नाही याची खात्री झाल्यावर तिने तोंड पुसलं, आणि उरलेली सगळी डोंगराला दिली.